सत्कार झाला, ऐकायचं राहिलं

गेल्या वर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत आमच्या भागात एका मुलीचा सत्कार झाला. मुलगी तेवीस वर्षांची. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि दखनी, शाळेत मराठी. गाणी मराठीत लिहिते, चाल स्वतः लावते आणि गिटार घेऊन स्वतःच गाते. आठ गाण्यांचा पहिला अल्बम तिनं नेटवर टाकला होता आणि त्यातला एक तुकडा रीलवर बऱ्यापैकी फिरला होता. एवढं निमित्त सोलापूरला पुष्कळ झालं. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर मुलीचा फोटो पासपोर्टएवढा आणि शुभेच्छुकांचे नऊ चेहरे कलिंगडाएवढे. वर ठळक अक्षरांत 'सोलापूरची गानकोकिळा'. मुलीचा आवाज खालच्या पट्टीतला, जरा खरबरीत, घसा बसल्यासारखा. कोकिळेशी त्याचा लांबूनही संबंध नाही. ज्यानं ही पदवी दिली त्यानं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं, हे फ्लेक्सच ओरडून सांगत होता.

कार्यक्रम दोन तास चालला. सात भाषणं झाली. 'विडी कामगाराची लेक', 'आपल्या मातीचा हिरा', 'मुलींनी हिचा आदर्श घ्यावा' वगैरे. फेटा बांधला, चादर दिली, नॅपकिनचा बुके दिला. (सोलापुरात कलावंताला आयुष्यभर पांघरुणाची ददात पडत नाही.) शेवटी अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि प्रेमानं म्हणाले, "बेटा, एक गाणं म्हण. लताबाईंचं एखादं." मुलीनं खोळीतून गिटार काढली होती, ती हळूच परत आत घातली आणि एक जुनं सिनेमातलं गाणं म्हटलं. टाळ्या पडल्या. ज्या आठ गाण्यांसाठी हा सगळा मांडव उभा होता, त्यातली एक ओळही त्या संध्याकाळी कुणाच्या कानावर पडली नाही.

मी दुसऱ्या रांगेत होतो. खाली उतरल्यावर ती भेटली तेव्हा मी काय विचारलं? "व्ह्यूज किती झाले गं?" ती म्हणाली, "अकरा हजार, सर." मी म्हणालो, "वा!" घरी येताना माझीच मला लाज वाटली, कारण तोपर्यंत मीही आठातली दोनच गाणी ऐकली होती आणि तीही अर्धी.

म्हणून हा लेख. आपल्याकडे नव्या गाणाऱ्याचं स्वागत होतं, पण त्याचं गाणं ऐकलं जात नाही. आणि माझं म्हणणं असं की हे स्वागत हीच न ऐकण्याची सोय आहे. चादर अंगावर घातली की आपली जबाबदारी संपते.

माझ्या पिढीचं याबाबतचं शिक्षण एका कॅसेटवर झालं. १९८९-९० च्या सुमारास कॉलेजात असताना पुण्याहून आलेल्या एका मित्राकडून ट्रेसी चॅपमन या अमेरिकन गायिकेचा पहिला अल्बम आम्ही भरून घेतला. त्या काळी सोलापूरच्या नवी पेठेत कोरी कॅसेट नेऊन द्यायची आणि संध्याकाळी भरून आणायची. अल्बम छत्तीसेक मिनिटांचा, कॅसेट साठ मिनिटांची. उरलेली टेप वाया जाऊ नये म्हणून दुकानदारानं न विचारता स्वामी समर्थांच्या आरत्या भरून दिल्या. आजही त्यातलं शेवटचं गाणं संपलं की माझ्या डोक्यात आपोआप टाळ वाजू लागतात.

इंग्रजी आमचं बेताचं. गाण्यांचे शब्द आम्ही थांबवून थांबवून, टेप मागे घेऊन वहीत उतरवले. गाजलेल्या 'फास्ट कार' गाण्यातली बाई सांगते की ती चेकआउटवर काम करते. आम्ही 'चेकआउट' हा शब्द फक्त स्टेशनजवळच्या लॉजच्या पाटीवर वाचलेला. त्यामुळे ती लॉजवर कामाला आहे, असं आम्ही ठरवून टाकलं आणि त्यावरून तिच्या चारित्र्याबद्दल आमच्यात एक गंभीर चर्चाही झाली. ती दुकानाच्या गल्ल्यावर मालाचे पैसे घेते, एवढा साधा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. सोलापुरात मॉल आले, विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, मुली तिथल्या काउंटरवर दिवसभर उभ्या राहू लागल्या, तेव्हा ते गाणं मला एकदम नीट दिसलं. बाप दारुडा, आई सोडून गेलेली, शाळा सुटलेली, गल्ल्यावरची नोकरी आणि कुणाच्या तरी गाडीत बसून गावाबाहेर पडायचं स्वप्न. आमच्याकडे ती गाडी म्हणजे सकाळची हुतात्मा एक्सप्रेस. पुण्याला उतरायचं आणि काहीतरी व्हायचं. गाण्याची खरी मेख पुढे आहे. माणसं गावाबाहेर पडतात, तिला काम मिळतं, आणि शेवटी तो गाडीवालाही तिच्या बापासारखाच दारूच्या गुत्त्यावर बसू लागतो. हे ज्यानं पुण्यातल्या कॉट बेसिसवर पाहिलंय, त्याला त्याचं भाषांतर करून द्यावं लागत नाही.

तो अल्बम एप्रिल १९८८ मध्ये आला. चॅपमन तेव्हा चोवीस वर्षांची. जन्म क्लीव्हलँडचा, अमेरिकेतलं पोलाद आणि मोटारींच्या कारखान्यांचं गाव. १९५० ला नऊ लाखांच्या वर असलेली त्याची वस्ती १९८० पर्यंत पावणेसहा लाखांवर आली होती. गिरण्या बंद पडलेल्या गावात राहणाऱ्याला हे आकडे वाचून दाखवावे लागत नाहीत. १८७७ साली आमच्याकडे पहिली गिरणी सुरू झाली, तिला आजही लोक 'जुनी गिरणी' म्हणतात. पुढे एकेक भोंगा गप्प झाला आणि माणसं यंत्रमागावर, विडीवर, नाहीतर पुण्याच्या गाडीत गेली. चॅपमनला आईनं एकटीनं वाढवलं. शिष्यवृत्तीवर ती चांगल्या शाळेत गेली, विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकली आणि शिकता शिकता रस्त्यावर उभी राहून गात असे. बरोबरच्या एका विद्यार्थ्याचे वडील संगीताच्या धंद्यात होते, त्यांच्यामार्फत एलेक्ट्रा कंपनीपर्यंत पोहोचली. अकरा गाणी, सगळी तिनंच लिहिलेली. निर्माता डेव्हिड कर्शेनबॉम यांनी आवाज आणि गिटार पुढे ठेवले, बाकीची वाद्यं पाठीशी. सिंथेसायझरच्या धबडग्याचं ते दशक, त्यात हे धाडसच होतं. एक गाणं तर बिनवाद्याचं आहे. भिंतीपलीकडे बाईला मारहाण होतेय, शेजारीण ऐकतेय आणि पोलीस येतात ते उशिरा. घरकुलाच्या सामाईक भिंतीला पाठ लावून ज्यानं दिवस काढलेत, त्याला त्या गाण्यातली शांतता ओळखीची आहे.

या अल्बमचं स्वागत कसं झालं, तो माझ्या वादाचा खरा मुद्दा. ११ जून १९८८ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मोठी मैफल झाली. मंडेला तेव्हा तुरुंगात होते. चॅपमन दुपारीच गाऊन मोकळी झाली होती. नवखी गायिका, लोक अजून खाण्यापिण्यात. संध्याकाळी स्टीव्ही वंडर यांची वेळ आली आणि त्यांच्या वाद्याची हार्ड डिस्क सापडेना. ते त्या वेळी न गाताच निघून गेले. रिकामी वेळ भरायला ही पोरगी पुन्हा एकटी गिटार घेऊन उभी राहिली. बाकीचं मंचसामान जुळवायला वेळच नव्हता. जगभर टीव्हीवर लोकांनी ते पाहिलं. त्याच उन्हाळ्यात अल्बम ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्या वर्षी तीन ग्रॅमी मिळाले, त्यातला एक नव्या कलावंताचा.

ही गोष्ट सांगताना सगळे 'नशीब बघा' म्हणतात. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तीच बाई, तीच गिटार, तोच मंच, तोच दिवस. दुपारी ऐकलं गेलं नाही, संध्याकाळी ऐकलं गेलं. फरक इतकाच, की संध्याकाळी दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं. ना वाद्यवृंद, ना दिवे, ना ओळख करून देणारं भाषण. गाणं सोडून सगळं आपोआप गळून पडलं होतं. आमच्या मांडवात नेमकं उलटं झालं. तिथं सगळं होतं, फक्त गाणं गळलं.

याचा अर्थ तिकडचं सगळं गोमटं, असं नाही. तिथंही लोकांनी गाण्याआधी तिचा रंग, तिचे केस, तिचं गप्प राहणं बघितलं. कृष्णवर्णीयांच्या रेडिओवर ती कमी वाजते आणि तिच्या मैफलीला गोऱ्यांचीच गर्दी असते, यावर वाद झाला. पण वाद तरी झाला! कुणाला एखादं गाणं भाबडं वाटलं, कुणाला क्रांतीची भाषा पुस्तकी वाटली. नवीन पोरीला असं बोलू नये, असं कुणी म्हटलं नाही. आणि त्या अल्बमचं ऐकणं अजून चालूच आहे. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या कंट्री गायकानं 'फास्ट कार' पुन्हा गायलं, ते अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि कंट्री संगीताच्या संघटनेनं वर्षातल्या उत्तम गाण्याचा पुरस्कार मूळ लेखिकेला, चॅपमनला दिला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. मधे पस्तीस वर्षं गेली होती.

आता आपल्याकडे या. 'स्वतः लिहायचं, स्वतः गायचं हे आपलं नव्हे, पाश्चात्त्यांचं फॅड आहे' असं सत्कारानंतर चहा पिताना मला एका जाणकारानं ऐकवलं. जाणकार सोलापूरचेच, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. अहो, राम जोशी कुठले? याच गावचे. लावणी स्वतः रचून तमाशाच्या बोर्डावर उभं राहून स्वतः गाणारा माणूस, दोनशे वर्षांमागचा. परंपरा सांगते की त्यापायी घरातून हाकलला गेला. अमर शेख बार्शीत जन्मले. डफ घेऊन गाणाऱ्या शाहिरानं शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि आवाज तिसऱ्याचा अशी वाटणी कधी केली? ती वाटणी नंतर भावगीताच्या आणि सिनेमाच्या काळात पक्की झाली. आकाशवाणीवरचा निवेदक 'गीत, संगीत, स्वर' अशी तीन नावं सांगायचा आणि आपल्या कानाला तेच रीतसर वाटू लागलं. त्यातून फार थोर गाणी झाली, मी ती रोज ऐकतो. पण त्या रीतीचा एक दुष्परिणाम झाला. गाणारा म्हणजे नुसता गळा, असं आपल्याला वाटू लागलं. म्हणून मुलगी नवी गायिका म्हटली की आपण तिला लताबाईंचं गाणं म्हणायला लावतो. गळा तपासायची ती आपली पट्टी. तिनं काय लिहिलंय, हे विचारायची आपल्याला सवयच नाही. संदीप खरे स्वतःच्या कविता स्वतः गाऊ लागले तेव्हाही 'पण यांचा आवाज काही गायकाचा नाही' हे वाक्य मी किमान दहा जणांकडून ऐकलंय. नसेल! शाहिराचा तरी कुठे होता?

मग मी काय केलं? उपदेश करण्याआधी आठही गाणी ऐकली, हेडफोन लावून, सलग. एकोणतीस मिनिटं लागली. सात भाषणांपैकी तीन ऐकायला याहून जास्त वेळ गेला होता.

माझं मत लिहितो, कारण ते कुणीतरी लिहायला हवं. दुसरं गाणं उत्तम आहे. उजनी भरलेलं असलं तरी आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही कधी रात्री दोनला. पाणी सुटायची वाट बघत जाग्या बसलेल्या दोन शेजारणींचं हे बोलणं आहे आणि ध्रुवपदात नुसतं 'काय करलालास बे' येतं. दर वेळी अर्थ वेगळा. पहिल्यांदा थट्टा, नंतर चौकशी, शेवटी जवळजवळ सांत्वन. 'गाण्यात बे कशाला, शिवीसारखं वाटतं' असं काहींना वाटलं म्हणे. सोलापूरच्या माणसाच्या तोंडून 'बे' काढलं तर त्याच्याकडे बोलायला फारसं उरत नाही. तिसरं आणि पाचवं गाणं मला उसनं वाटलं. पाऊस, कॉफी, खिडकी. पुण्यातल्या पोरांच्या गाण्यांतून आलेलं हे सामान आहे. सोलापुरात पाऊस पडला की आपण खिडकीत बसत नाही, बाहेर पळतो, इतका तो दुर्मिळ. सहाव्या गाण्यात शेवटी विनाकारण हिंदी ओळ येते, बहुधा रीलवर चालावी म्हणून. सातवं गाणं विडी वळणाऱ्या आईवरचं, सगळ्यात गाजलेलं तेच. त्याबद्दल मला थोडी शंका होती, पण मीही ते चांगलंच म्हटलं. विडी कामगार बाईवरच्या गाण्याला नाव कोण ठेवणार?

'कोवळ्या रोपाला असं झोडपू नये' हा आक्षेप मला ठाऊक आहे. छोटं गाव, पहिला प्रयत्न, पाठीवर हात ठेवा. ठेवा ना. पण जो बारकाईनं ऐकतो त्याचाच हात पाठीवर जाणवतो. आपल्याकडच्या पेपरांत सिनेमाचं परीक्षण येतं, पुस्तकाचं येतं, नाटकाचं येतं. मराठी गाण्यांच्या नव्या अल्बमचं परीक्षण तुम्ही शेवटचं कधी वाचलं? बातमी येते, 'सोलापूरच्या कन्येचा डंका'. परीक्षण येत नाही. मग पोरांना कळायचं कसं? व्ह्यूजवरून. व्ह्यूज काय सांगतात? पाऊस-कॉफी चाललं, पाण्याचं गाणं पडलं. ज्या गाण्यात ती स्वतःच्या पायावर उभी आहे तेच टाकून द्यायला आकडे तिला शिकवत आहेत आणि आपण मांडवात बसून टाळ्या वाजवत आहोत. हे झोडपण्यापेक्षा वाईट.

आणखी एक बाब, सत्काराच्या भरात कुणी न बोललेली. तिला एका कंपनीकडून फोन आला होता, 'सगळे हक्क आमच्या नावावर करा, आम्ही गाणी मोठी करतो.' २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून सिनेमासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी लिहिलेल्या गाण्याच्या (सिनेमागृहातला खेळ सोडून) वापरातून मिळणाऱ्या मानधनातला गीतकाराचा आणि संगीतकाराचा वाटा कराराने काढून घेता येत नाही. सात वक्त्यांपैकी कुणी एवढं जरी सांगितलं असतं तर चादरीपेक्षा उबदार झालं असतं. कोम्ब्सनं गायलेल्या गाण्याचं लेखिकेचं मानधन चॅपमनकडेच गेलं, कारण शब्द आणि चाल दोन्ही तिची होती.

काय करता येईल, याची मोठी योजना माझ्याकडे नाही. हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह मोठं आहे, त्याला माणसं लागतात, माणसांना पुढारी लागतात. त्यापेक्षा एखाद्या वाचनालयाची खोली, वीस खुर्च्या आणि बरा स्पीकर. अल्बम सलग लावायचा, मग गायिकेच्या समोर बोलायचं. हार नाही, प्रस्तावना नाही. पेपरानं महिन्यातून एकदा चारशे शब्दांची जागा द्यावी. एवढंच.

एक तसा प्रयोग आम्ही केला, म्हणजे झाला. दिवाळीआधी तिच्या घरी गेलो होतो. आई पुढ्यात सूप घेऊन बसलेली, मांडीशी कात्री आणि पत्र्याचा फर्मा. बोटं चालू होती, बघावंही लागत नव्हतं. मी म्हटलं, "अक्का, लेकीची गाणी ऐकली का सगळी?"

"ऐकले की. सगळे आठ." विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या. "दोन छाट आहेत बघा."

छाट म्हणजे कारखान्यात विड्या मोजून घेताना बाजूला फेकतात त्या. वाकड्या, सैल, पान फाटलेल्या. त्यांची मजुरी मिळत नाही. आयुष्यभर दुसऱ्यानं काढलेली छाट बघत आलेल्या बाईच्या तोंडात तो शब्द किती सहज आला! मला वाटलं, त्या पावसाच्या गाण्यांबद्दल बोलत असणार.

"एक पावसाचं," त्या म्हणाल्या. "आणि दुसरं माझ्यावरचं."

मुलगी दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. मीही गडबडलो. म्हटलं, "अहो, ते तर सगळ्यांना आवडलंय."

"रात्री दिव्याखाली मी एकटी वळते म्हणे. रात्री कोण वळतं? रात्री पानं कापायची. वळायचं ते दिवसा, चौघी मिळून, टीव्ही लावून. आणि म्हणे डोळ्यांतून पाणी." त्यांनी विड्यांचा कट्टा बांधला, सुपात टाकला. "जर्दा ओला झाला तर विडी पेटेल का? छाटात जाते की ती."

मुलगी काही न बोलता आत गेली. गाणं नेटवर आहे तसंच आहे, पुन्हा रेकॉर्ड करायला स्टुडिओचे पैसे नाहीत. परवा रात्री साडेअकराला तिचा फोन आला. पाण्याची वाट बघत जागी होती. सातव्या गाण्याचा दुसरा अंतरा नव्यानं लिहिलाय म्हणाली आणि वाचून दाखवला. त्यात दुपार आहे, चार बायका आहेत, टीव्हीचा आवाज मोठा केलेला आहे आणि चौघीही मालिकेतल्या सासूला शिव्या देतायत.